सहाच्या आतलं मूल

फेब्रुवारी २०२३ मध्ये राज्य शासनाने ठरवलं की यापुढे अंगणवाडी सेविका, मिनी अंगणवाडी सेविका आणि मदतनीस या तिन्ही पदांना किमान बारावी उत्तीर्ण बाईच लागेल. आधी सेविकेला दहावी पुरत होती, मदतनिसाला त्याहूनही कमी. मी या निर्णयाला विरोध करायला बसलेली नाही. लहान मुलांना शिकवणारी बाई शिकलेली असावी, याची गरज मी पहिलीच्या वर्गात उभी राहून रोज बघते. माझा आक्षेप वेगळा आहे. बारावी म्हणजे बालशिक्षण नव्हे. बारावीला राज्यशास्त्र असतं, भूगोल असतो. तीन वर्षांचं मूल दारातच का थबकलं, ते किती वेळ गोष्ट ऐकू शकतं, त्याच्या हातात खडू कधी द्यावा आणि कधी देऊ नये, यातलं एक अक्षर नसतं. शासनाने पात्रता वाढवली ती नेमकी अशी, जिच्यासाठी त्याला स्वतःला एक रुपयाही खर्च करावा लागत नाही. बाईने ती आपल्या आईबापाच्या पैशाने मिळवायची आणि कागद घेऊन दारात उभं राहायचं. दर्जा वाढवण्याच्या नावाखाली खर्च टाळणं, याला मी अप्रामाणिकपणा म्हणते.

मी अकोले तालुक्यात राजूरच्या पट्ट्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. सहा वर्षांच्या मुलांसमोर उभं राहण्यासाठी मला बारावीनंतर दोन वर्षांची पदविका करावी लागली. माझ्यानंतर आलेल्यांना त्यावर शिक्षक पात्रता परीक्षा द्यावी लागते. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, महाराष्ट्र आणि तमिळनाडूतून गेलेल्या प्रकरणांत, पाच वर्षांहून जास्त नोकरी उरलेल्या जुन्या शिक्षकांनाही दोन वर्षांत ती परीक्षा उत्तीर्ण होणं बंधनकारक केलं. त्यावर राज्यभर शिक्षक चिडले. त्या चर्चेत मी आजवर एका माणसाच्याही तोंडून हा प्रश्न ऐकला नाही, की पहिलीच्या उंबरठ्याच्या अलीकडे काय? माझ्या वर्गातलं मूल सहा वर्षांचं, अंगणवाडीतलं पाच. सहाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवसापर्यंत त्याच्यासाठी बारावी पास बाई, नेमणुकीनंतर आहारापासून लसीकरणापर्यंत सगळं एकत्र कोंबलेलं २६ दिवसांचं प्रशिक्षण, आणि २०२३ पासून 'पोषण भी पढाई भी' या मोहिमेतले तीन दिवस. दुसऱ्या दिवसापासून त्याच मुलासाठी पदविका, परीक्षा, वेतनश्रेणी. मूल तेच आहे. एका रात्रीत बदललेलं काही असेल, तर ते सरकारी खातं. काल महिला व बालविकास, आज शालेय शिक्षण.

ही सहाची रेघ आभाळातून पडलेली नाही. ती माणसांनी ओढली आहे आणि कधी ओढली तेही ठाऊक आहे. मूळ संविधानाच्या अनुच्छेद ४५ मध्ये चौदा वर्षं पूर्ण होईपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याची दिशा होती. त्यात खालची वयोमर्यादाच नव्हती. १९९३ साली उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चौदापर्यंतच्या शिक्षणाला मूलभूत हक्क म्हटलं. मग २००२ मध्ये ८६ वी घटनादुरुस्ती आली. तिने हक्क दिला खरा, पण सहा ते चौदा या वयाला. सहाच्या आतल्यांसाठी अनुच्छेद ४५ नव्याने लिहिला गेला आणि त्यात उरलं काय, तर राज्य 'प्रयत्न करील'. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात कलम ११ मध्ये पूर्वप्राथमिक शिक्षणाची व्यवस्था शासन 'करू शकेल' असं लिहिलं. करायलाच हवी, असं नाही. म्हणून आमच्या पट्ट्यातल्या घाटघरच्या चार वर्षांच्या मुलीला कोणी शिकवलं नाही तर तिचे आईबाप कोर्टात जाऊन शासनाला जाब विचारू शकत नाहीत. शासनावर सक्ती नाही, सेविकेवर मात्र बारावीची सक्ती आहे. सगळी घाण इथे आहे, आणि मानधनाच्या प्रत्येक आंदोलनात, पात्रतेच्या प्रत्येक परिपत्रकात तीच वर येते.

राजूर बाहेरच्यांना पेढ्यांसाठी आणि डांगी जनावरांच्या प्रदर्शनासाठी माहीत असतं. आम्हाला ते एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या कार्यालयाचं गाव म्हणून माहीत आहे. दाखला, वसतिगृह, आश्रमशाळेतला प्रवेश, कशासाठीही माणूस इथे येतो. पश्चिमेला शेंडी-भंडारदरा, त्यापलीकडे रतनवाडी, साम्रद, घाटघर. दक्षिणेला हरिश्चंद्रगडाच्या अंगाने कुमशेत, पाचनई. महादेव कोळी आणि ठाकरांच्या वाड्या. भात निघाला की अनेक घरं मजुरीला नारायणगाव, आळेफाट्याकडे उतरतात आणि सोबत सहाच्या आतली मुलंही जातात, कारण मागे सांभाळायला कोणी नसतं. परत येतात तोवर वर्षाचा मोठा तुकडा गेलेला असतो. घरात बोलली जाणारी बोली पुस्तकातल्या मराठीपासून पुष्कळ लांब आहे. मूल पहिलीत येतं तेव्हा माझी निम्मी वाक्यं त्याला परकी असतात. जिथे अंगणवाडीतल्या ताईने त्याच्याशी त्याच्याच बोलीत वर्षभर गप्पा मारल्या, गाणी म्हणून घेतली, चिंचोके मोजायला दिले, तिथलं मूल आठवडाभरात तोंड उघडतं. जिथे ताईला रजिस्टरांतून डोकं वर काढता आलं नाही, तिथलं मूल दिवाळीपर्यंत कोपऱ्यात बसतं. हा फरक मी मोजपट्टीने मोजलेला नाही, पण पहिलीला शिकवणारी कोणतीही बाई तो डोळे मिटून सांगेल.

त्या ताईचा दिवस मुंबईतून परिपत्रक काढणाऱ्यांनी एकदा बघावा. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली तेव्हा ताईवर सहा सेवा होत्या: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भसेवा, आहार-आरोग्याचं शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वशालेय शिक्षण. सहातली एक सेवा शिक्षण. आदिवासी भागात २०१५ पासून डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं पूर्ण जेवण आणि पुढे लहानांना अंडी-केळी देणं आलं. योजना चांगली आहे, मी तिच्या बाजूची आहे. पण चूल पेटवायची कोणी, हिशेब ठेवायचा कोणी? मार्च २०२१ पासून पोषण ट्रॅकर हे ॲप आलं. ज्या भागात झाडावर चढल्याशिवाय रेंज मिळत नाही तिथे वजन, उंची, हजेरी, फोटो, सगळं मोबाईलवर. त्याच वर्षी राज्यातल्या सेविकांनी निकृष्ट फोन आणि इंग्रजी ॲपला कंटाळून ते मोबाईल शासनाला परत केले होते. २०२४ मध्ये 'लाडकी बहीण'चे अर्ज भरायला पुन्हा हीच बाई, अर्जामागे ५० रुपयांच्या बोलीवर. मतदार याद्यांचं काम आलं की तीच. इतक्यातून उरलेल्या वेळात तिने तीन ते सहाच्या मुलांना 'आकार' किंवा 'आधारशिला' अभ्यासक्रमाप्रमाणे शिकवायचं.

इथे बारावी काय करणार? पदवी काय करणार? उद्या बालमानसशास्त्रात डॉक्टरेट केलेली बाई नेमलीत तरी तिच्या हातात वजनकाटा, खिचडीचं पातेलं आणि मोबाईल दिलात तर ती वजन करील, खिचडी वाढील आणि मोबाईल भरील. शिकवायला वेळ लागतो आणि वेळेला माणूस लागतं. वाड्यावस्त्यांवरच्या मिनी अंगणवाड्यांत तर मदतनीसही नव्हती. स्वयंपाक, झाडलोट, मुलं, सगळं एकटीच्या अंगावर. २०२३ मध्ये केंद्राने या मिनी अंगणवाड्या पूर्ण अंगणवाड्या करायला मान्यता दिली. हे व्हायला इतकी वर्षं लागावीत याची मला लाज वाटते.

आणि सेविका स्थानिक रहिवासी असण्याची अट. ही अट योग्य आहे, ती सोडू नये. वाडीतलीच बाई वाडीतल्या मुलाची बोली जाणते, त्याची आजी कोण, बाप कुठे मजुरीला गेलाय हे जाणते. पण स्थानिक आणि बारावी पास, दोन्ही अटी एकत्र आल्या की दुर्गम वाडीवर काय घडतं ते बघा. ज्या मुली आश्रमशाळेतून बारावी झाल्या त्या लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या असतात. जी सून गावात आली आहे ती नववीत शाळा सोडून आली. जिची बारावी झालेली आहे तिला मुलांची आवड असेलच असं नाही आणि जिने भावकीतली दहा पोरं वाढवली तिच्याकडे कागद नाही. आमच्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. देशी वाणांचं त्यांचं ज्ञान बघून २०२० सालची पद्मश्री त्यांना मिळाली. म्हणून सेविकेने अशिक्षित असावं, असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणते की ज्ञान आधीपासून ज्या बाईच्या अंगात आहे तिला शिकवून पात्र करणं हे शासनाचं काम आहे. बायफसारख्या संस्थेने राहीबाईंच्या बियाण्यांच्या कामाला हात दिला, तिथे आधी गुणपत्रिका मागितली नव्हती.

हे काम कसं करायचं, हे महाराष्ट्राला कोणी परदेशातून येऊन शिकवायची गरज नाही. 'अंगणवाडी' हा शब्दच ताराबाई मोडकांच्या कामातून आला. मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर, राजकोटच्या अध्यापक महाविद्यालयाच्या प्राचार्या, भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाची पायाभरणी केलेल्या ताराबाई. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला आणि १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या. वारल्यांची मुलं बालवाडीत येईनात. त्यांना धाकटी भावंडं सांभाळायची होती, गुरं राखायची होती. तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच वस्तीवर, त्यांच्या अंगणात नेली. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा झाली. बरोबर अनुताई वाघ होत्या. बालविधवा, तुटपुंज्या शिक्षणावर नोकरीला लागलेल्या. त्या पदवीधर झाल्या तेव्हा पन्नाशीला आल्या होत्या आणि तोवर त्यांच्या हाताखालून कितीतरी शिक्षिका तयार झाल्या होत्या. पात्रता तिथे कामाच्या आत घडत होती, संस्थेच्या खर्चाने, मुलांच्या शेजारी बसून. ताराबाईंनी स्वस्त साहित्य वापरलं, शंख-शिंपले, बिया, पानं. पण बाईच्या तयारीत त्यांनी स्वस्ताई केली नाही. शासनाने कोसबाडकडून काय उचललं? नाव उचललं, अंगण उचललं, स्वस्ताई उचलली. शिक्षिका घडवण्याची ती शिस्त आणि तो खर्च टेकडीवरच ठेवून आलं.

आता पैशाकडे येते, कारण सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही.

केंद्राने सप्टेंबर २०१८ मध्ये सेविकेचं मानधन ३,००० वरून ४,५०० रुपये केलं आणि मदतनिसाचं १,५०० वरून २,२५०. त्यात केंद्राचा वाटा ६० टक्के. म्हणजे सेविकेमागे दिल्लीच्या खिशातून महिन्याला २,७०० रुपये. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सांगतं की मेंदूची ८५ टक्क्यांहून जास्त वाढ सहा वर्षांच्या आत होते. हे वाक्य मी शेकडो भाषणांत ऐकलं आहे. ज्या वयात मेंदू घडतो त्या वयाच्या शिक्षिकेसाठी २,७०० रुपये, आणि २०१८ ला ठरलेला तो आकडा २०२५ पर्यंत तसाच राहिला. उरलेलं राज्याने घातलं. राज्यातलं एकूण मानधन एप्रिल २०२३ पासून १०,००० झालं आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, १३,०००. वर अटी पूर्ण केल्या तर २,००० रुपयांपर्यंत प्रोत्साहन भत्ता. मदतनिसाला ७,५०० आणि वर १,०००. ही वाढ कुणी आनंदाने दिलेली नाही. ४ डिसेंबर २०२३ पासून राज्यातल्या सेविका-मदतनीस पन्नास दिवसांहून जास्त संपावर होत्या. २६,००० रुपये मानधन आणि ग्रॅच्युइटी मागत होत्या. त्याआधी, मार्च २०१८ मध्ये याच बायकांना 'मेस्मा' लावून त्यांचा संपाचा हक्कच काढून घ्यायचा घाट घातला गेला होता. गदारोळ झाला तेव्हा त्याला स्थगिती दिली. अत्यावश्यक सेवा म्हणून कायदा लावायचा आणि पगार मागितला की 'तुम्ही मानधनी, स्वयंसेवी' म्हणायचं. एकाच बाईला दोन तोंडांनी बोलणारं शासन मी सहन करू शकत नाही.

माझ्या खात्यात नव्याने येणाऱ्या शिक्षणसेवकाला महिन्याला १६,००० रुपये मिळतात. तेही कमी आहेत आणि त्यावर मी स्वतंत्र भांडेन. पण तीस वर्षं वाडीवर राबलेली सेविका, सगळे भत्ते धरून, परवा रुजू झालेल्या त्या पोराच्या आकड्याला पोचत नाही.

२५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मणिबेन भारिया प्रकरणात निकाल दिला. न्यायमूर्ती अजय रस्तोगी आणि न्यायमूर्ती अभय ओक यांच्या पीठाने सांगितलं की अंगणवाडी ही आस्थापना आहे, सेविकेला मिळतं ते वेतनच आहे आणि १९७२ च्या कायद्याप्रमाणे सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटी मिळाली पाहिजे. प्रकरण गुजरातच्या दाहोदचं, आमच्यासारख्याच आदिवासी मुलखाचं. त्याआधी २०१३ च्या भारतीय श्रम परिषदेने सेविकांसारख्या योजनाकर्मींना कामगार म्हणून मान्यता द्यावी, किमान वेतन आणि सामाजिक सुरक्षा द्यावी अशी शिफारस केली होती. त्या परिषदेत सरकार, मालक आणि कामगार तिघेही बसतात. शिफारस कागदावर आहे आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतरही आमच्या बायकांना ग्रॅच्युइटीसाठी रस्त्यावर बसावं लागलं.

मुलाच्या पोटाचा हिशेब याहून वाईट. अंगणवाडीतल्या मुलाच्या आहारासाठी दिवसाला ८ रुपये, हा दर २०१७ मध्ये ठरला. निम्मे केंद्राचे, निम्मे राज्याचे. वर्षाचे तीनशे दिवस धरले तर २,४०० रुपये. आता याच मुलाला सहावं संपू द्या. आमच्या प्रकल्प कार्यालयातून आदिवासी मुलांना नामांकित इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळांत पाठवण्याची योजना चालते आणि त्यात शासन मुलामागे वर्षाला ५०,००० रुपये आणि त्याहून जास्त शुल्क त्या खासगी शाळांना देतं. त्यात राहणं-जेवण येतं, हे मला मान्य आहे. ठाकराच्या पोराला चांगली शाळा मिळू नये असं तर मी कधीच म्हणणार नाही. पण दोन आकडे शेजारी ठेवून बघा. पैसा आहे. आदिवासी मुलावर खर्च करायची तयारीही आहे. फक्त ती मूल सहाचं झाल्यावर, घरातून उचलून दूर नेल्यावर आणि संस्थाचालकाच्या हातात दिल्यावर जागी होते. ते मूल आईच्या कुशीत, आपल्या वाडीत, आपल्या बोलीत शिकत असतं तेव्हा त्याच्यासाठी आठ रुपये.

देशाचा आकडाही सांगते. २०१५-१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात एकात्मिक बालविकास योजनेची तरतूद आदल्या वर्षीच्या सुमारे १८,००० कोटींवरून सुमारे ८,३०० कोटींवर आणली होती; राज्यांना करांतला वाटा वाढवून दिला, आता त्यांनी बघावं, हे कारण. पुढे वर्षभरात काही भर घालावी लागली. आता 'सक्षम अंगणवाडी आणि पोषण २.०' या नावाखाली २०२३-२४ ला २०,५५४ कोटी होते, २०२५-२६ ला २१,९६० कोटी. दोन वर्षांत सात टक्केसुद्धा वाढ नाही. महागाईने तेवढी गिळली. देशातल्या सुमारे चौदा लाख अंगणवाड्यांनी हा आकडा भागला तर एका अंगणवाडीच्या वाट्याला केंद्राकडून वर्षाला दीड लाखाच्या आसपास येतात. त्यात आहार, मानधन, इमारत, साहित्य, मोबाईल आणि वर बालशिक्षण.

एवढ्या पैशात राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने काय करायचं ठरवलं ते ऐका. बारावी किंवा त्याहून जास्त शिकलेल्या सेविकेला सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, कमी शिकलेलीला एक वर्षाची पदविका. कल्पना योग्य आहे. पण हे शिक्षण द्यायचं कसं? डीटीएच वाहिन्या आणि स्मार्टफोनवरून, चालू काम न थांबवता. म्हणजे दिवसभर अंगणवाडी, संध्याकाळी गृहभेटी, घरी स्वतःची भाताची लावणी आणि स्वतःची पोरं, त्यानंतर रात्री रेंज शोधत मोबाईलवर बालशिक्षणाचा वर्ग. जवळच्या वाडीवरची एक वयस्क सेविका मला म्हणाली, "बाई, मला शिकायचंय हो. मनापासून शिकायचंय. पण शिकायला गेले तर इथं पोरांपाशी कोण बसंल, आन् माझा त्या दिवसाचा पगार कोण देईल?" तिच्या या दोन प्रश्नांचं उत्तर धोरणाच्या एकाही पानावर नाही. मी पदविका केली तेव्हा दोन वर्षं माझ्यावर दुसरं काही काम नव्हतं. सरावपाठाला अनुभवी शिक्षिका मागच्या बाकावर बसून माझ्या चुका लिहायची. मूल कसं शिकतं हे मूल समोर असताना, कोणीतरी शेजारी बसून दाखवल्याशिवाय कळत नाही. अनुताईंना ते माहीत होतं. दूरचित्रवाणीच्या वाहिनीला ते येणार नाही.

धोरणात आणखी एक वाक्य आहे आणि ते आमच्या पट्ट्यावर थेट येऊन आदळणार आहे: आदिवासीबहुल भागातल्या आश्रमशाळांमध्ये टप्प्याटप्प्याने बालशिक्षण सुरू करायचं. याला माझा उघड विरोध आहे. आश्रमशाळा निवासी आहे. आज 'फक्त दिवसाचा वर्ग' म्हणून सुरू होईल. मग आईबाप मजुरीला उतरताना मूल तिथेच ठेवून जातील, कारण त्यांना दुसरा मार्गच दिलेला नाही. चार वर्षांचं मूल रात्री आईविना लोखंडी कॉटवर झोपवायचं आणि त्याला बालशिक्षण म्हणायचं? सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या हक्काच्या खटल्यात १३ डिसेंबर २००६ रोजी सांगितलं होतं की सहाच्या आतली चाळीस मुलं असलेल्या वस्तीने मागणी केली तर तीन महिन्यांत अंगणवाडी मिळाली पाहिजे. दिशा मुलाकडे जाण्याची होती. मजुरीच्या गावी, नारायणगावच्या शेडजवळ, आमच्या मुलांसाठी हंगामी वर्ग आणि तिथे वाडीवरचीच एक ताई, हे आदिवासी विकास विभागाला करता येतं. मनात असेल तर.

खासगी नर्सऱ्यांबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथे लिहायला नियमच नाहीत. राजूरला, अकोल्याला, शेंडीच्या रस्त्याला इंग्रजी फलक लागलेत. कोण शिकवतं, त्यांनी काय शिकलंय, पगार काय, हे विचारायचा अधिकार महाराष्ट्रात वर्षानुवर्षं कोणत्याच खात्याला नव्हता. शासनाने खासगी पूर्वप्राथमिक शाळांना पोर्टलवर नोंदणी करायला सांगितलं ते २०२५ मध्ये. त्याआधी तीन वर्षांच्या मुलाची शाळा काढायला किराणा दुकानाइतकेही कागद लागत नव्हते. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांत पूर्वशालेय शिक्षणाची दोन वर्षांची पदविका आहे. म्हणजे योग्य पात्रता काय, हे शासनाला ठाऊक आहे. ती लागू करायची तर तेवढा पगार द्यावा लागेल, म्हणून लागू होत नाही. २०१५ साली शिक्षण हक्क कायद्यातल्या पंचवीस टक्के राखीव जागा नर्सरीपासून भरायच्या की पहिलीपासून, यावर राज्यात केवढा वाद झाला. त्याच्या तळाशी एकच प्रश्न होता, नर्सरीतल्या मुलाचे पैसे कोण देणार.

पात्रता आणि अनुदान एकमेकांना कसं बांधावं याचं उदाहरण हवं असेल तर न्यूझीलंडकडे बघा. तिथे बालशिक्षण केंद्रात प्रमाणित शिक्षकांचं प्रमाण जितकं जास्त, तितका मुलामागे तासाला मिळणारा सरकारी निधी जास्त. सरकार म्हणतं, शिकलेली माणसं ठेवा, त्यांचा खर्च आम्ही उचलतो. आपलं शासन म्हणतं, शिकलेली माणसं हवीत, खर्च तुमचा तुम्ही बघा.

मला जे हवं आहे ते सांगून थांबते. तीन ते सहाच्या वयाला मोफत बालशिक्षणाचा कायदेशीर हक्क, 'करू शकेल' हा शब्द काढून. प्रत्येक अंगणवाडीत शिक्षणासाठी एक वेगळी बाई, जिच्या हातात पातेलं नाही आणि लाभार्थ्यांचे अर्ज नाहीत. आहार-आरोग्य सांभाळणारी ताई तिच्या बरोबरीने, तितक्याच मानाने. स्थानिक बाईलाच प्राधान्य, दहावी असो की बारावी, आणि नेमणुकीनंतर दोन वर्षांची पदविका शासनाच्या खर्चाने, भरपगारी रजेवर, राजूरसारख्या प्रकल्पाच्या गावीच चालवलेली, सरावासाठी खरी मुलं आणि मागच्या बाकावर अनुभवी शिक्षिका असलेली. पदविका झाली की प्राथमिक शिक्षकाची वेतनश्रेणी. पोरांच्या ताटाला आठ रुपये, हा आकडा पुढच्याच अर्थसंकल्पात बदलायचा. नामांकित शाळांच्या योजनेत जेवढा पैसा जातो तेवढाच, रुपयाला रुपया, याच प्रकल्पातल्या अंगणवाड्यांवर. आणि हे होईपर्यंत पदविकेच्या नावाने कुमशेतच्या, साम्रदच्या, घाटघरच्या सेविकेकडून तिचा स्वतःचा मोबाईल, तिचा डेटा आणि तिची रात्र मागायला कोणीही येऊ नये. आलं, तर आम्ही पहिलीच्या बायका तिच्या बाजूने ग्रामसभेत उभ्या राहणार आहोत.